गणिताच्या पेपराचा उपास

मॅट्रिकच्या परीक्षेला मी दुसऱ्यांदा बसले तेव्हा देवीवरचा माझा विश्वास उडाला होता, पण तिची भीती मात्र शाबूत होती. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात कशा नांदतात, हे ज्याच्यावर वेळ येते त्यालाच कळतं. माझे यजमान विषमज्वराने गेले. परळच्या इस्पितळात ते पडून होते तेव्हा गावाहून आलेला सातेरीचा अंगारा मी रोज त्यांच्या कपाळाला लावत असे. सातेरी ही आमच्या सावंतवाडीकडच्या गावाची ग्रामदेवता. देवळात तिचं मोठं वारूळ आहे आणि सारा गाव त्या वारुळापुढेच माथा टेकतो. मी अंगारा लावला, पदर पसरला, नवस बोलले, आणि तरीही ते गेले. त्यानंतर मी देवीशी भांडलेसुद्धा नाही. भांडायला समोर कोणीतरी आहे असं आधी वाटावं लागतं. संध्याकाळी सासूबाई दिवा लावून देवीला गाऱ्हाणं घालू लागल्या की मी त्यांच्याकडे पाठ करून भाकऱ्या थापत बसायची.

आमचं घर म्हणजे लालबागच्या चाळीतली एक खोली. सासूबाई, मी आणि माझी चार वर्षांची कुसुम. सासूबाई गिरणीत वाइंडिंग खात्यात होत्या. सुताचा तुटलेला धागा हाताने सांधण्यात त्यांची हयात गेली होती, पण अलीकडे त्यांची बोटं थरथरू लागली होती आणि नजरही कमी झाली होती. त्या फार दिवस काम करू शकणार नाहीत हे आम्हा दोघींना ठाऊक होतं, फक्त कोणी बोलत नव्हतं. गावी थोरले दीर होते. त्यांचं म्हणणं असं, की दोन बायका आणि एक पोर मुंबईत राहून काय करणार, खोली सोडा आणि गावी या. त्यात वाईट काहीच नव्हतं. तरी गावी जाणं म्हणजे जन्मभर जावेच्या हाताखाली चुलीपुढे बसणं, आणि कुसुमचंही पुढे तेच होणं, एवढं मला स्पष्ट दिसत होतं. जवळच्या एका शाळेत मी लहान मुलांना सांभाळायला जात असे. तिथल्या मोठ्या बाईंनी शब्द दिला होता, "तू मॅट्रिक हो, मी तुला बालवर्ग देते." दिरांनीही सासूबाईंच्या शब्दाला मान देऊन कबूल केलं होतं, की एवढी एक परीक्षा होऊ दे, मग बघू.

मी अभ्यासात कच्ची होते असं नाही. रात्रशाळेत आमच्या वर्गात गिरणीतून थेट येणाऱ्या बायका असत, त्यांना मीच गणितं समजावून देत असे. पण आदल्या वर्षी गणिताचा पेपर हातात आला आणि डोक्यात कोणी चुन्याचा हात फिरवावा तसं सगळं पांढरं झालं. आकडे दिसत होते, पण त्यांचा अर्थ लागेना. शेजारच्या बाकावरून टाक चालल्याचा आवाज येत होता. मी घंटा होईपर्यंत तशीच बसून राहिले आणि कोरी उत्तरपत्रिका देऊन बाहेर आले. बाकीच्या विषयांत पास झाले, गणितात गेले. तेव्हापासून ती पांढरी भिंत माझ्या मनात उभीच होती. घरी दहा गणितं बरोबर सोडवली तरी अकराव्याला वाटे, हे सगळं इथे येतंय, तिथे येणार नाही.

दुसऱ्या वर्षी परीक्षा जवळ आली तसे रात्रशाळेचे मास्तर आम्हाला सांगू लागले, "आदल्या दिवशी संध्याकाळी पुस्तक मिटायचं. पोटभर जेवायचं, वेळेवर निजायचं. नवं काही वाचायचं नाही. सकाळी चार घास खाऊन निघायचं, आणि निघताना दहा जणींना 'तुझं काय झालं, माझं काय राहिलं' हे विचारत बसायचं नाही." मास्तर सांगत होते ते मला पटत होतं, पण भीतीला पटलेलं कळत नाही. चाळीत कोणी म्हणालं, कडक उपास धरला की काम होतं. झालं. जिच्याशी बोलणं मी सोडलं होतं, तिच्याच नावाने मी मनात बोलून बसले, की गणिताच्या दिवशी पेपर देऊन होईपर्यंत पाण्याचा थेंबही घेणार नाही. त्यात भक्ती किती होती हे माझं मलाच माहीत. रागावलेल्या नातेवाइकाकडे काम पडलं की माणूस जसा खाली मान घालून दारात उभा राहतो, तसं ते होतं.

त्या सकाळी सासूबाईंनी पेज केली आणि वाटी माझ्यापुढे ठेवली.

"दोन घोट तरी पी गो बाय. रिकाम्या पोटान डोकां कसां चलतलां?"

"आई, उपास आहे माझा. निर्जळी."

त्या म्हणाल्या, "देवीन मागल्यान काय तुझ्याकडे?"

मी कुसुमच्या केसांवरून हात फिरवला, हॉल तिकीट, टाक आणि कंपासपेटी पिशवीत घातली आणि निघाले.

ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना वेगळं सांगायला नको. मुंबई महाराष्ट्राला मिळालीच पाहिजे, या एका वाक्यावर सगळं गिरणगाव तेव्हा जगत होतं. आमच्या चाळीच्या जिन्यावर, गिरणीच्या भिंतीवर तेच. खात्यातल्या बायकांबरोबर सासूबाईही मोर्चाला जाऊन आल्या होत्या, आणि आवाज बसल्यामुळे पुढे दोन दिवस खुणांनी बोलत होत्या. त्या दिवशीही कुठूनसा मोर्चा निघणार होता. पेपर रद्द झाल्याची आवई सकाळीच उठली, पण मास्तरांचा निरोप आला की रद्द बिद्द काही नाही, लवकर निघा. माझं परीक्षेचं केंद्र माझगावला होतं. तो भाग माझ्या पायाखालचा नव्हता. मागचे पेपर दिले तेव्हा ट्रामने भायखळ्यापर्यंत जाऊन पुढे इतर मुलींच्या मागून चालत गेले होते, रस्ता असा पाहिलाच नव्हता.

ट्राम राणीच्या बागेपाशी थांबली ती थांबलीच. पुढे पोलिसांच्या गाड्या आडव्या होत्या आणि त्यांच्या पलीकडून घोषणा ऐकू येत होत्या. कंडक्टर म्हणाला, "उतरा सगळे, गाडी पुढे जात नाही." आम्ही उतरतो न उतरतो तोच कुठेतरी काचा फुटल्या, लोक उलटे धावत आले, आणि फटाका फुटावा तसा आवाज होऊन धूर पसरला. डोळ्यांत तिखट गेल्यासारखं झालं. माझ्याबरोबरच्या मुली कुठे गेल्या कळलं नाही. मी पिशवी छातीशी धरून डाव्या हाताच्या गल्लीत शिरले आणि वाट फुटेल तिकडे धावत सुटले. एका चपलेचा अंगठा तुटला, ती तिथेच राहिली. दुसरी मीच काढून टाकली.

घोडपदेवच्या पुढे कुठेतरी मी आले असेन. दारं धडाधड लागत होती. एकाला शाळेचं नाव विचारलं, त्याने नुसता हात दाखवला आणि कडी घातली. ऊन चढलं होतं. जीभ टाळूला चिकटली होती, डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं, आणि पाय चालत होते ते माझे आहेत असं वाटेना. एका बैठ्या चाळीच्या पायरीवर मी बसले, खरं म्हणजे पडलेच. अकराचा पेपर. आता किती वाजले असतील याचा अंदाज करण्याचंही त्राण उरलं नव्हतं. मनात आलं, संपलं. खोली संपली, शाळा संपली, आता गावचा रस्ता.

आणि तेव्हा, यजमान गेल्यानंतर पहिल्यांदाच, मी देवीशी बोलले. मी काही मागितलं नाही. पास कर म्हटलं नाही, पोचव म्हटलं नाही. एवढंच म्हटलं, "माझ्याच्याने आता होत नाही. पुढचं तू बघ." हे म्हणताना उपासाचीसुद्धा आठवण नव्हती. हातातून काहीतरी गळून पडावं आणि ते उचलावंसं वाटू नये, तसं झालं. मी डोळे मिटून भिंतीला टेकले.

"ए लेकी, ग्यास लागला व्हय? डोळं चोळू नगंस."

दारात एक बाई उभी होती. माझ्या सासूबाईंपेक्षा थोडी लहान, अंगाने काटक, पदर कमरेला खोचलेला. तिने माझं मनगट धरून मला उंबऱ्याच्या आत घेतलं, मोरीपाशी बसवलं आणि तांब्यातलं पाणी माझ्या डोळ्यांवर मारलं. मग तोच तांब्या माझ्या तोंडाशी धरला. मी मान हलवली.

"उपास आहे," मी म्हटलं.

तिचं लक्ष पिशवीतून डोकावणाऱ्या कंपासपेटीकडे गेलं. "परीक्षा हाय?"

"गणिताचा पेपर. माझगावच्या शाळेत केंद्र आहे."

"आन् उपास?" ती थक्क होऊन माझ्याकडे बघू लागली. "अगं, गाडी वढायची आन् बैलाला वैरण न्हाई, असं कुठं असतंय का? ऊठ, दोन घास खा. शाळा ही मागंच हाय, त्या जुन्या चर्चच्या अंगाला. माझी शांता गेल्या साली तिथंच बसली व्हती मॅट्रिकला. मी पोचवते तुला."

डोळे जरा उघडले तेव्हा मला खोली दिसली. स्वच्छ सारवलेली जमीन, भिंतीवर भगवान बुद्धांची नवी तसबीर, तिला ताज्या फुलांचा हार. आणि कोपऱ्यात, जिथे पूर्वी देव्हारा असावा, तिथे भिंतीवर दिव्याच्या काजळीचा एक काळसर पट्टा राहिलेला. गिरणगावातल्या कितीतरी घरांनी तेव्हा नुकतीच धम्माची दीक्षा घेतली होती. मी कोणाच्या घरात बसले आहे ते मला कळलं, आणि मला कळलं हे तिलाही कळलं.

तिने ताटलीत मऊ भात वाढला, वर पातळ आमटी घातली. ताटली हातात धरून म्हणाली, "आमच्याकडं आता देव न्हाईत, लेकी. भात हाय. चालंल का?"

मी ज्या गावात वाढले तिथे त्यांच्या वस्तीची वाटसुद्धा आमच्या वाटेपासून वेगळी होती. मुंबईत एका भोंग्याला कामावर जाणारी माणसं, पण गिरणीतही पाण्याचे माठ वेगळे असल्याचं सासूबाईंच्या तोंडून मी ऐकलं होतं. हे सगळं त्या क्षणी माझ्या अंगात जागं झालं, नाही कसं म्हणू? तिने ताटली मागे घेतली नाही आणि पुढेही सरकवली नाही. नुसती वाट बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पण असा थांबलेला हात तिने आयुष्यात अनेकदा पाहिला असणार, हे मला त्या डोळ्यांत दिसलं. आणि मला वाटलं, आत्ता पायरीवर बसून मी काय म्हणाले? पुढचं तू बघ म्हणाले ना? मग देवीने कुठल्या घरचा भात पाठवावा हेही आता मीच ठरवणार का?

मी ताटली घेतली. पहिला घास घशाखाली उतरला आणि मला रडू आलं. "हळू खा," ती म्हणाली, "ठसका लागंल. येळ हाय अजून." वेळ होता की नव्हता देव जाणे, पण तिच्या सांगण्याने मी सावकाश जेवू लागले. ती समोर बसून बोलत राहिली. नाव यमुनाबाई. नवरा गोदीत कामाला. थोरली शांता मॅट्रिक होऊन नर्सचं शिक्षण घेत होती. "आमच्या घरात परीक्षेचा दिवस म्हंजी सण," यमुनाबाई म्हणाली. "सकाळी मऊ भात. मंग हातपाय धुवून पाच मिनटं गप बसायचं. कुणी काय इचारायचं न्हाई, पोरीनं पुस्तक उघडायचं न्हाई. आमच्या सात पिढ्यांत कुणाला परीक्षेला बसाया मिळालं नव्हतं. मिळालंय तर मंग नीट बसावं, घाबरून कशापायी?"

मला अनवाणी पाहून तिने शांताच्या जुन्या चपला माझ्यापुढे ठेवल्या आणि आम्ही निघालो. मुख्य रस्ता टाळून तिने मला बोळाबोळांतून नेलं. चालता चालता मी तिला आदल्या वर्षीचं सांगितलं, पांढरं होणं, कोरा पेपर, सगळं. कोणाला न सांगितलेलं मी त्या अनोळखी बाईला का सांगितलं, कोण जाणे. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शांताबी घाबरायची. मला लिहिता वाचता येत न्हाई, पर ती काय करायची ते सांगते. परक्या गावात उतरल्यावर आपण वळखीचं घर शोधतो न्हवं? तसा ती पेपरात आधी वळखीचा प्रश्न शोधायची. पयला प्रश्न पयलाच केला पायजे असा काय नेम न्हाई. वळखीच्या घरी जरा टेकलं की मंग पुढचा रस्ता इचारता येतो. आन् लईच घाबरं झालं तर टाक खाली ठेवायचा आन् पाय भुईला टेकल्यात का बघायचं. टेकलेलं असत्यात. मंग सावकाश श्वास घ्यायचा."

शाळेच्या फाटकाशी आलो तेव्हा पेपर सुरू झालेला होता. पण दंगलीमुळे आणखी कितीतरी मुलं उशिरा येत होती आणि एक वयस्कर मास्तर फाटकाशी उभे राहून "पळा, पळा, घेतायत आत" म्हणत होते. मी वळून बघितलं. यमुनाबाईने हाताने, जा, जा, अशी खूण केली.

आत जाऊन बसले. पेपर हातात आला. आणि ती भिंत आली, मागच्या वर्षीसारखीच. आकडे दिसत होते, अर्थ लागत नव्हता. मी सातेरीचं नाव घ्यायला गेले तर तेही पुरतं आठवेना. मग मी टाक खाली ठेवला. पायांकडे बघितलं. शांताच्या चपला मला थोड्या मोठ्या होत होत्या. पाय टेकलेले होते. मी सावकाश श्वास घेतला, पुन्हा घेतला. पोटात ऊन ऊन भात होता. तो आहे हे मला जाणवत होतं, जसं थंडीत पांघरूण जाणवतं. मी पेपर पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला, सोडवायला नाही, नुसतं कोणी ओळखीचं दिसतंय का ते बघायला. आणि तिसऱ्या पानावर एक हौद दिसला. दोन नळ भरणारे, एक गळणारा. आमच्या चाळीच्या मोरीत पहाटे रोज मी तेच बघत होते. हसूच आलं. मी ते गणित सोडवलं. उत्तर आलं. मग त्याच्या शेजारचं त्रिकोणाचं दिसलं, ते मी रात्रशाळेत तिघीचौघींना शिकवलं होतं. असं करत करत एकेक घर उघडत गेलं. पांढरी भिंत कोसळली वगैरे नाही, ती कडेला उभी होती, पण मला तिच्याकडे बघायची गरज पडली नाही. दोन गणितं शेवटपर्यंत आली नाहीत. एरवी मी त्यांच्यावर डोकं आपटत बसले असते. त्या दिवशी त्यांना हात जोडले आणि सोडवलेली पुन्हा तपासली.

बाहेर आले तेव्हा फाटकाशी यमुनाबाई नव्हती. तिला तिचं काम होतं. रस्ते निवळले होते. मी चालत लालबागला आले.

घरी सासूबाई दारातच बसल्या होत्या. दंगलीची बातमी चाळीत पोचली होती, त्यामुळे मला बघताच त्यांनी कुसुमला मांडीवरून उतरवलं आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. मी काही न लपवता सगळं सांगितलं. उपास मोडला ते सांगितलं, कोणाच्या घरी मोडला तेही सांगितलं. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्या उठल्या, दिवा लावला, आणि गावी देवळात मानकरी गाऱ्हाणं घालतो तशा उभ्या राहून बोलू लागल्या.

"बाये सातेरी, ह्या माझ्या लेकरान उपास धरल्यान आणि मोडल्यान. भुकेन मोडल्यान. काय चुकलां आसात तर पोटात घाल. आणि जेणा तेका घास घातल्यान, तेच्या घरात धान्य सरा नको."

गावात अशा वेळी सगळा जमाव 'व्हय म्हाराजा' म्हणतो. इथे जमाव नव्हता. सासूबाई थांबल्या, माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले आणि म्हटलं, "व्हय म्हाराजा." कुसुमही बोबड्या आवाजात म्हणाली. त्या खोलीत आम्ही तिघी रडत होतो की हसत होतो, मला आता नक्की सांगता येत नाही.

मी पास झाले. गणितात जेमतेम, पण झाले. मोठ्या बाईंनी शब्द पाळला आणि मला बालवर्ग मिळाला. दिरांनी निकाल कळल्यावर गावाहून आंब्यांची पेटी पाठवली. खोली राहिली.

निकालानंतरच्या रविवारी मी शांताच्या चपला परत द्यायला निघाले. सासूबाई म्हणाल्या, "मी पण येतंय." त्यांनी देवीपुढे ठेवलेला नारळ पदराखाली घेतला. ऊन रणरणत होतं. गल्ल्या सापडेनात, दोनदा चुकलो, शेवटी ती बैठी चाळ दिसली. यमुनाबाईने मला ओळखलं. शांता घरीच होती, तिने चपला बघून हसून म्हटलं, "अगं, राहू द्यायच्यास." मी यमुनाबाईच्या पाया पडायला वाकले तर तिने दोन्ही खांदे धरून मला वर उचललं. मी म्हटलं, "मावशी, त्या दिवशी देवीनेच तुम्हाला माझ्यासाठी दारात पाठवलं."

"मला कुणी न्हाई पाठवलं," ती शांतपणे म्हणाली. "ग्यासचा वास आला म्हणून दार उघडून बघितलं. तू दिसलीस. तू उपाशी व्हतीस, घरात भात व्हता."

मी ओशाळले. तिच्या हातचा घास तिच्याकडून काढून मी कोणा दुसऱ्याच्या नावावर लिहीत होते, असं तिला वाटलं असेल तर त्यात तिची चूक नव्हती. तेवढ्यात सासूबाईंनी पदराखालचा नारळ पुढे केला. "देवीचो परसाद," त्या म्हणाल्या.

शांताने आईकडे बघितलं. यमुनाबाईने हात पुढे केला नाही. "आक्का, राग मानू नका," ती म्हणाली. "आमी दीक्षा घेताना शपथ घेतलीया. परसाद म्हणून नगं. नारळ म्हणून द्या, घेते."

सासूबाई उभ्या राहिल्या तशाच राहिल्या. साऱ्या आयुष्यात त्यांना देवीचा प्रसाद कोणी नाकारला नसेल. त्यांच्या थरथरणाऱ्या बोटांत तो नारळ हलत होता. आता या मागे फिरतील, मला वाटलं, आणि मी चुकलेच यांना आणायला.

"बरां," सासूबाई म्हणाल्या. "नारळ म्हणान घे." यमुनाबाईने दोन्ही हातांनी नारळ घेतला. मग सासूबाई जमिनीवर बसल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "आणि माका वायच पाणी दी गो. उन्हान जीव सुकलो."

यमुनाबाईने माठातलं पाणी काढून दिलं. सासूबाई ते प्याल्या आणि भांडं पुढे करून त्यांनी आणखी मागितलं.

त्या दिवशी यमुनाबाईला कोणी पाठवलं, मला कोणी उचललं, यावर मी पुढे कधी वाद घातला नाही. यमुनाबाई म्हणते ते खरं आहे. तिने दार उघडलं ते तिच्या माणुसकीने, आणि त्याचं श्रेय तिचंच. माझ्या मनाला जे वाटतं तेही माझ्यापुरतं खरं आहे, आणि ते मी देवीपुढे रोज सांगते, कारण आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं. शरण जाणं म्हणजे हात जोडून मागणं, असं मी समजत होते. हात जोडलेलेच राहिले तर समोर आलेली ताटली घ्यायची कशाने, हे मला त्या पायरीवर, त्या उंबऱ्याच्या आत कळलं. ज्या बाईने ते मला शिकवलं तिला त्या शिकवण्याचा पत्ताही नव्हता, आणि मी तिची जन्माची ऋणी आहे.